डाक आवृत्तीतील एक शब्द

१ ऑगस्ट २०२४ हा गुरुवार होता आणि त्या दिवशी आमच्या जळगावच्या डेस्कवर स्वप्नील कुसाळेशिवाय दुसरा विषय नव्हता. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले होते, आणि खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. त्याच्या कांबळवाडीचे फोटो, आईवडिलांच्या प्रतिक्रिया आणि खाशाबांच्या आठवणी यांनी पहिले पान आणि क्रीडा पान भरून गेले. निखत झरीन आणि सिंधू त्याच दिवशी हरल्या, त्यांनाही आम्ही जेमतेम जागा दिली. क्रीडा पानाच्या तळाशी शेवटी दोन कॉलमांची जागा उरली. तिथे मी अल्जेरियाची इमान खलीफ आणि इटलीची अँजेला कारिनी यांच्या महिला बॉक्सिंगच्या ६६ किलो गटातील लढतीची बातमी घेतली.

ती लढत ४६ सेकंदांत संपली होती. चेहऱ्यावर ठोसे बसल्यानंतर कारिनीने लढत सोडली आणि ती रिंगमध्येच गुडघ्यांवर बसून रडली. संध्याकाळपर्यंत तिचे ते छायाचित्र प्रत्येकाच्या मोबाइलवर पोहोचले होते आणि त्याखालच्या मजकुरात कोणी खलीफला ‘पुरुष’ म्हणत होते, तर कोणी ‘ट्रान्सजेंडर’. एजन्सीची इंग्रजी कॉपी मी समोर ठेवून मराठी केली, पण शीर्षक मात्र मोबाइलवरून डोक्यात शिरलेले दिले: ‘तृतीयपंथी बॉक्सरचा ४६ सेकंदांत विजय’. पावणेअकराला पान सोडले. नंदुरबार, शहादा, तळोदा आणि नवापूरकडे जाणारी आमची डाक आवृत्ती तेवढ्यातच निघते.

साडेअकराच्या सुमारास शहर आवृत्तीसाठी पान पुन्हा उघडले, तेव्हा डेस्कवर नुकतीच लागलेली प्रशिक्षणार्थी मुलगी माझ्या मागे उभी राहिली. ती म्हणाली, “सर, शीर्षकातला शब्द बातमीत कुठे आहे?” मी बातमी पुन्हा वाचली, नंतर मूळ इंग्रजी कॉपी ओळीवर बोट ठेवून वाचली. तो शब्द कुठेच नव्हता. उलट आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या प्रवक्त्याचे म्हणणे त्यात स्पष्ट होते, की हे ट्रान्सजेंडर खेळाडूचे प्रकरण नाही. खलीफ जन्मतः मुलगी म्हणून नोंदली गेली, मुलगी म्हणून वाढली आणि महिला म्हणूनच बॉक्सिंग करत आली. ती तीन वर्षांपूर्वी टोकियोत खेळली होती आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलीही होती. वाद होता तो २०२३च्या मार्चमधील दिल्लीच्या जागतिक स्पर्धेचा. तेथे आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने तिला आणि तैवानच्या लिन यू-तिंगला लिंगपात्रतेच्या एका चाचणीच्या आधारे अपात्र ठरवले होते, पण त्या चाचणीचा तपशील तेव्हा नीट जाहीर केला नव्हता. पुढे जूनमध्ये ऑलिंपिक समितीने त्या संघटनेचीच मान्यता काढून घेतली.

आपल्या भाषेत ही चूक किती खोल जाते, हे मला त्या रात्री कळले. इंग्रजीत ‘जिंकणे’ या क्रियापदाला लिंग नसते, त्यामुळे बातमीदार खेळाडूचे आडनाव लिहून पुढे जाऊ शकतो. मराठीत ‘जिंकली’ की ‘जिंकला’ हे ठरवल्याशिवाय बहुतेक वेळा वाक्य पुरे होत नाही. बातमीत मी सगळीकडे ‘जिंकली’, ‘म्हणाली’, ‘उतरली’ असे लिहिले होते आणि शीर्षकात तो शब्द बसवला होता. म्हणजे एकाच पानावर वर एक आणि खाली दुसरेच सांगत होतो. शहर आवृत्तीसाठी मी शीर्षक बदलले, पण डाकेचे गठ्ठे तोवर धुळ्याच्या रस्त्याला लागले होते.

सकाळी नऊला कार्यालयातून माझ्याकडे एक फोन जोडून दिला गेला. बोलणारी शहाद्याकडची होती. तिने स्वतःची ओळख पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, स्त्री अशी करून दिली आणि पोलीस भरतीसाठी ती पहाटे मैदानावर धावण्याचा सराव करते, हेही सांगितले. तृतीयपंथीयांना पोलीस भरतीचा अर्ज भरता यावा यासाठी २०२२च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला राज्य सरकारला खडसवावे लागले होते, हे मला ठाऊक होते. त्या बातम्याही आम्हीच छापल्या होत्या. त्या सकाळी मैदानावरच्या मुलांनी आमच्या पानाचा फोटो तिच्यासमोर धरला होता. “बघ, तुमनी बाई आमनी बाईले मारस,” असे एक जण म्हणाला होता.

ती रागावून बोलत नव्हती, आणि म्हणूनच ते ऐकणे अवघड होते. “भाऊ, ती बाई शे,” ती म्हणाली. “आमच्यातली नाही. पण तुम्ही आमचं नाव घेतलं, आणि मार मला बसला.” मी चूक कबूल केली आणि उद्या खुलासा छापू, असे सांगितले. त्यावर तिने विचारले, “खुलाशात काय लिहिणार? ती तृतीयपंथी नाही, म्हणून माफी? म्हणजे तृतीयपंथी म्हणणं ही शिवी झाली ना?”

त्या प्रश्नावर दुपारच्या बैठकीत आम्ही तासभर बोललो. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते, की पारलिंगी स्त्रियांनी महिलांच्या स्पर्धेत खेळावे की नाही हा खरा वाद आहे आणि आपण तो झाकू नये. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. न्यूझीलंडची वेटलिफ्टर लॉरेल हबर्ड २०२१ला टोकियोत उतरली, तेव्हा तो वाद खरोखरच तिच्याविषयी होता. तिन्ही प्रयत्नांत तिला वजन उचलता आले नाही, तरीही तो संपला नाही. जलतरणाच्या जागतिक संघटनेने २०२२मध्ये आणि ॲथलेटिक्सच्या संघटनेने २०२३मध्ये पुरुष म्हणून वयात आलेल्या पारलिंगी स्त्रियांना महिला गटातून वगळले. पहाटे चारला उठून सराव करणाऱ्या मुलीला आपली स्पर्धा समान असावी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि तिचे म्हणणे पानावर आले पाहिजे. मात्र ते खलीफच्या नावाखाली येऊ शकत नाही. शरीराच्या जन्मजात घडणीवरून संशय घेतली गेलेली स्त्री आणि पारलिंगी स्त्री या दोघींचे प्रश्न वेगळे आहेत, त्यांचे नियमही वेगळे आहेत, आणि दोघींना एका शब्दात कोंबले की दोघींवरही अन्याय होतो.

हे मला आधीच कळायला हवे होते. २००६ला मी नवा असताना दोहाच्या आशियाई स्पर्धेतून धावपटू शांती सौंदरराजनचे ८०० मीटरचे रौप्यपदक लिंगचाचणीवरून काढून घेतल्याची बातमी मीच केली होती, आणि तेव्हाही शीर्षकाला प्रश्नचिन्ह लावून मोकळा झालो होतो. २०१४ला धावपटू द्युती चंदला टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेच्या नियमावरून राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळले आणि पुढच्या वर्षी क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला, तेव्हा आम्ही जरा शिकलो होतो. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत महिला राखीव जागेवरील तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज बाद झाला आणि २०२१च्या जानेवारीत औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरायला लावला, तेव्हा आमच्या पानावर ‘निवडून आली’ हे क्रियापद बिनचूक छापले गेले होते. निकालपत्र समोर होते म्हणून आम्ही ते वाचले. पॅरिसच्या बातमीची कॉपीही समोरच होती.

खुलासा मी चार वेळा लिहिला. छापला तो असा: ‘इमान खलीफ हिच्या लढतीच्या वृत्ताच्या शीर्षकात मूळ बातमीत नसलेला शब्द वापरला गेला. ती महिला खेळाडू आहे. या शब्दामुळे खलीफ हिच्याविषयी चुकीची माहिती गेली आणि पारलिंगी वाचकांना विनाकारण दुखावले गेले, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ तो क्रीडा पानावरच, त्याच दोन कॉलमांच्या जागी, शनिवारी छापला. शहाद्याच्या त्या वाचक स्त्रीने तो वाचला का, ते विचारायला मी फोन केला नाही. तिच्याकडून आणखी काही मागण्याचा मला हक्क नव्हता.

प्रश्न मिटलेला नाही. २०२५मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेने खेळाडूंसाठी लिंगनिश्चितीची जनुकीय चाचणी बंधनकारक केली, आणि त्या बातम्याही आमच्याकडे आल्या. तेव्हापासून माझ्या टेबलावर पारलिंगी, आंतरलिंगी (शरीराची लिंगघडण जन्मतःच वेगळी असलेली), चाचणीत अपात्र ठरलेली आणि केवळ आरोप झालेली, असे चार शब्द लिहिलेला कागद चिकटवलेला आहे, आणि या विषयाची कॉपी आली की ती प्रशिक्षणार्थी मुलगी आणि मी दोघेही ती स्वतंत्रपणे वाचतो.

खलीफची अंतिम लढत आपल्याकडे १० ऑगस्टच्या पहाटे झाली आणि तिने चीनच्या यांग लिऊला ५-० असे हरवले. आमची सगळी पाने तोवर सुटली होती, म्हणून ती बातमी रविवारच्या अंकात आली. शीर्षक त्या प्रशिक्षणार्थी मुलीने दिले: ‘इमान खलीफने सुवर्ण जिंकले’. मी कॉपी शेवटपर्यंत वाचली आणि पान सोडायला सांगितले.