कुयुत्लानचं मीठ

कुयुत्लानला मिठाशिवाय आहे काय, असं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात भाचीच्या ओळखीच्या तिघाचौघांनी आम्हाला ऐकवलं. पण मला मीठच बघायचं होतं. माझं आजोळ उरणचं. मिठागरांच्या बांधावरून चालत मोठी झालेली मी. मेक्सिकोपर्यंत येऊन ते चुकवणं शक्यच नव्हतं.

कोलिमा शहर आणि तिथला ज्वालामुखी सुंदर आहेत, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तिथून आर्मेरियाला बस बदलून आम्ही कुयुत्लानला उतरलो. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला लांबलचक खाडी, मधल्या पट्टीवर गाव. किनाऱ्याची वाळू काळी, मे महिन्याच्या दुपारी इतकी तापलेली की अनवाणी पाय टेकवत नव्हता. १९३२ च्या जूनमध्ये भूकंपानंतर आलेल्या त्सुनामीने हे गाव धुऊन नेलं होतं.

मिठाच्या जुन्या लाकडी कोठारातच इथलं मीठ संग्रहालय आहे. तिथले आजोबा स्वतः मिठात राबलेले. भाची भाषांतर करत होती, पण त्यांच्या हातांकडे पाहूनच अर्धं कळत होतं.

आपल्याकडे भरतीचं पाणी बांधाआड घेतात आणि उन्हात आटवतात. इथली जुनी रीत निराळी. पावसाळ्यात भरलेली खाडी उन्हाळ्यात मागे हटली की उघड्या पडलेल्या जमिनीवरची खारी माती खरवडायची. ती लाकडी मांडवासारख्या उंच गाळणीवर, म्हणजे तापेश्त्लेवर, पसरायची आणि वरून खारं पाणी ओतायचं. माती धुतली जाऊन खालच्या टाकीत जे ठिबकतं ते समुद्रापेक्षा कितीतरी खारट. मग तेच पाणी उथळ वाफ्यांत सोडायचं. म्हणजे मीठ धरण्याआधी माती खणा, वाहा, धुवा आणि धुतलेली माती पुन्हा उपसून टाका. हे सगळं खांद्यावर. आजोबा खांदा दाबून दाखवत होते, तेव्हा मला पुढचा प्रश्न सुचेना.

आता विहिरीतलं खारं पाणी पंपाने येतं आणि वाफ्यांच्या तळाला चुन्याऐवजी काळं प्लास्टिक असतं. जुनी रीत गेली म्हणून हळहळणारे प्रवासी मला पटत नाहीत. त्यांनी एकदा ती माती वाहून बघावी.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच वाफ्यांवर गेलो. उन्हाआधी मीठ ओढून घ्यायची घाई चालली होती. फळीच्या दाताळ्याने एक जण मीठ कडेला ओढत होता. ओलं मीठ सरकताना काचेच्या चुऱ्यासारखा आवाज. शेजारच्या वाफ्यात पाण्यावर पातळ पापुद्रा धरला होता. हे फ्लोर दे साल, म्हणजे मिठाचं फूल. ते बुडायच्या आत चाळणीने अलगद उचलावं लागतं. खाली बसलं की साधं मीठ. त्याने चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं. जिभेवर ठेवताच मोडलं, खारटपणा आला आणि लगेच गेलाही. त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा होत्या आणि त्या भेगांत मीठ होतं. दुखत नाही का, विचारलं तर म्हणाला, मोसम संपला की भरून येतात.

एके काळी याच कोलिमाच्या मिठावर चांदीच्या खाणी चालल्या. १५५४ मध्ये मेक्सिकोतल्याच पाचुका या खाणींच्या गावी बार्तोलोमे दे मेदिना या स्पॅनिश माणसाने पाऱ्याने चांदी वेगळी करायची पद्धत बसवली, तिला मीठ लागायचंच. इथून ते खेचरांवरून डोंगरापार जाई. चांदीचे महाल सगळे बघतात, मीठवाल्याला कोणी विचारत नाही, याचा मला राग येतो. इथल्या मीठवाल्यांनी मात्र १९२५ मध्ये स्वतःची सहकारी संस्था उभी केली, आणि ती अजून चालते.

जाणार असाल तर जूनच्या पावसाआधी जा. एका सरीत वाफा विरघळतो. डासांचं मलम न्या. आणि मीठ तिथेच घ्या. ग्वादालाहाराच्या झगमगीत दुकानात त्याच मिठाची चिमुकली बाटली मी किंमत बघून परत ठेवली. कुयुत्लानला रस्त्याकडेच्या बाईने त्याहून कमी पैशांत पिशवी भरून दिली, वर शहाळंही फोडून दिलं.