नाव झाकलं तरी वाडी ओळखते : स्त्रिया, मुली आणि हिंसक अतिरेक या विषयावर कोकणात इंटर्नशिप करताना

समाजकार्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्र शिकणाऱ्या मुलींना हल्ली संशोधन संस्थांमध्ये तीन महिन्यांच्या इंटर्नशिप मिळतात. त्यांत एक विषय वरचेवर दिसतो : स्त्रिया आणि मुली हिंसक अतिरेकी विचारांकडे ओढल्या जाऊ नयेत म्हणून काय करता येईल. मार्गदर्शक दिल्लीत, बैठका ऑनलाइन आणि फील्डवर्क आपल्याच मुलखात, म्हणजे श्रीवर्धन, दापोली, राजापूर, मालवण. बोली ओळखीची, एसटीच्या वेळा पाठ, मुक्कामाला मावशीचं घर. त्यामुळे काम सोपं वाटतं. प्रत्यक्षात ओळखीच्या मुलखातच ते जास्त जपून करावं लागतं. मुलाखत देणाऱ्या बाईला तिथेच राहायचं असतं आणि आपण अहवाल देऊन निघून जाणार असतो.

आधी विषयाची मांडणी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली ठराव १३२५ करून शांतता आणि सुरक्षेच्या प्रश्नात स्त्रियांचा सहभाग मान्य केला. २०१५ च्या ठराव २२४२ ने हिंसक अतिरेक रोखण्याचं काम त्याला जोडलं. या दोन ठरावांचं मुळातून वाचन पहिल्या आठवड्यात झालंच पाहिजे. नंतरचे बहुतेक अहवाल त्यांचीच भाषा वापरतात, आणि ती तशीच उचलली की आपल्या प्रश्नावलीतही घुसते.

दुसरी गोष्ट म्हणजे बाईची भूमिका एकच धरू नये. १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या करणारी आत्मघाती हल्लेखोर स्त्री होती. २०१४ मध्ये नायजेरियातल्या चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या गेल्या, त्या बळी होत्या. २०१५ मध्ये लंडनच्या तीन शाळकरी मुली इस्लामिक स्टेटकडे निघून गेल्या. त्यांना बळी म्हणायचं की सहभागी, यावर अजून वाद चालू आहे. आपल्या राज्यात गडचिरोलीच्या माओवादी दलांमध्येही स्त्रिया होत्या. आणि अतिरेक एका धर्माची मक्तेदारी नाही. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ माणसं मारणारा गोऱ्या वर्चस्वाचा पुरस्कर्ता होता. अभ्यासाच्या आराखड्यात एकाच समाजाच्या वस्त्या निवडल्या असतील, तर तो आराखडा पहिल्याच बैठकीत परत करावा. त्यातून निघणारा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, आणि त्याची झळ त्या मोहल्ल्यातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला बसते.

ऑस्ट्रेलियातलं मोनॅश विद्यापीठ आणि संयुक्त राष्ट्रांची स्त्रियांसाठीची संस्था यूएन विमेन यांनी इंडोनेशिया, बांगलादेश, फिलिपिन्स आणि लिबिया इथे केलेल्या कामाचा एक निष्कर्ष इथे फार उपयोगी पडतो. बायकांवरची हिंसा योग्य मानणारी माणसं हिंसक अतिरेकालाही पाठिंबा देण्याची शक्यता बरीच जास्त असते; धार्मिकतेपेक्षा हा धागा बळकट निघाला. म्हणून प्रश्नावलीत नमाज, उपास, डोक्यावरचा पदर किंवा स्कार्फ यांची मोजणी नको. घरात बाईवर हात उचलणं कितपत चालतं, मुलीच्या शिक्षणाचा निर्णय कोण घेतं, तिचा मोबाइल कोण तपासतं, हे विचारावं.

आता किनाऱ्याबद्दल. १९९३ मध्ये रायगडच्या दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि स्फोटकं उतरली, १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. २००८ मध्ये हल्लेखोर पुन्हा समुद्रातूनच आले. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी, गस्त, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं हे सगळं वाढलं. तीस वर्षं इथल्या माणसांना कुणी ना कुणी 'कोण आलं, कोण गेलं' विचारत आलंय. अशा बंदरावर वही घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीने 'अतिरेक' हा शब्द उच्चारला, की संध्याकाळपर्यंत ती खबरी ठरते. म्हणून पोलीस पाटलाबरोबर पहिली फेरी मारणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. नुसत्या मौलवींच्या किंवा नुसत्या गावकीच्या पुढाऱ्यांच्या ओळखीने गेलं, तर त्यांना चालतील त्याच बायका समोर येतात. वाट काढायची असेल तर अंगणवाडी सेविका, आशा ताई, 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचत गटांची सीआरपी (गावपातळीवरची कार्यकर्ती) किंवा सहयोगिनी, शिवणक्लास चालवणारी बाई, अशा किमान तीन वेगवेगळ्या दारांनी जावं, आणि प्रत्येक दारातून पाचापेक्षा जास्त नावं घेऊ नयेत. सरपंचांना कळवायचं ते शिष्टाचार म्हणून. कोणाशी बोललो याची यादी त्यांनाही द्यायची नाही.

वेळापत्रक संस्थेच्या सोयीने ठरलं की फसतं. जून-जुलैमध्ये लावणी असते, बायका चिखलात असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे कोळीवाड्यातले पुरुष घरी, आणि बाईला एकटीला बोलायला जागाच उरत नाही. गणपतीत चाकरमानी आलेले, घर भरलेलं. ऑक्टोबरात भातकापणी. मार्चनंतर काजू, मग आंबा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. रमजान कधी येतो ते त्या वर्षीचं कॅलेंडर पाहून वगळावं. दिवसातली वेळ दुपारी दोन ते चार. मासे विकणाऱ्या बायकांना लिलावाच्या वेळी मुळीच अडवू नये, तो त्यांचा कमाईचा तास असतो.

संशोधनामुळे कोणाला इजा होणार नाही ना, हे तपासणाऱ्या नैतिक समितीची परवानगी इंटर्नशिप सुरू झाल्यावर मागितली तर निम्मा काळ वाट पाहण्यात जातो. अर्ज आधी दीड-दोन महिने गेला पाहिजे. अर्जात तीन गोष्टी हमखास राहतात. पहिली, गावात अभ्यासाचं नाव काय सांगणार. घरगुती हिंसाचारावरच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली पद्धत इथेही वापरावी : गावासाठी 'मुली, मोबाइल आणि सुरक्षितता' असं निरुपद्रवी पण खरं नाव, आणि मुलाखत देणाऱ्या बाईला मात्र एकांतात पूर्ण हेतू स्पष्ट सांगायचा. दुसरी, संमतीचा कागद. सही केलेला फॉर्म म्हणजे नावांची यादीच. तो घरात सापडला तर तिला उत्तरं द्यावी लागतात, आपल्या पिशवीत सापडला तर सगळ्यांनाच. म्हणून तोंडी संमती रेकॉर्ड करण्याची परवानगी समितीकडून लेखी घ्यावी. तिसरी, गुप्ततेची मर्यादा. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलीवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली, तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. इतर गंभीर गुन्ह्यांबाबत काय करायचं हे संस्थेच्या वकिलाकडून आधी लिहून घ्यावं. ही मर्यादा मुलाखतीच्या सुरुवातीला सांगायची. शेवटी सांगणं म्हणजे फसवणूक.

अठराखालच्या मुलींबद्दल माझं मत ठाम आहे : तीन महिन्यांच्या इंटर्नने त्यांच्या मुलाखती घेऊ नयेत. पालकांची संमती आणि मुलीची स्वतःची तयारी दोन्ही लागतात. बाप आखातात, घरात मामा किंवा आजोबा, आणि 'मी शेजारी बसते' म्हणणारी आई. त्या खोलीत मुलगी खरं बोलत नाही, आणि बोलली तर नंतर तिलाच त्रास. त्यापेक्षा अठरा ते बावीसच्या मुलींना मागचं विचारावं : 'आठवी-नववीत असताना मोबाइलवर कुठल्या ग्रुपमध्ये होतीस? तिथून बाहेर का पडलीस?' उत्तरं जास्त मोकळी येतात.

प्रश्नांची धाटणी हा या कामाचा गाभा आहे. 'तुमच्या ओळखीत कोणी कट्टर झालंय का?' हा प्रश्न कधीही विचारू नये. उत्तर 'हो' आलं तर बाई, तो तरुण आणि आपण, तिघंही अडचणीत. 'नाही' आलं तर हाती काही नाही. त्याच जागी : 'मोबाइलवर कोणावर तरी सूड घ्यायला सांगणारे व्हिडिओ येतात, तेव्हा घरात त्यावर काय बोलणं होतं? ते थांबवायला कोणाचं ऐकलं जातं?' नाव येत नाही, पण घरातली वजनदार माणसं कळतात, आणि रोखण्याच्या कामाला तीच लागतात. बोलण्याच्या ओघात बाई नाव घेऊ लागली, तर मध्येच थांबवायचं : 'ताई, नाव नको, नातं सांगा.' आईला मुलावर पाळत ठेवणारी बनवणं, हा जगभर या क्षेत्रावर घेतला जाणारा मोठा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे.

एकास एक मुलाखती बारा ते पंधरा आणि सहा-आठ बायकांच्या दोन-तीन गटचर्चा, एवढं तीन महिन्यांत पेलतं. गटचर्चेत सासू-सून एकत्र नकोत, भावकीतल्या दोन घरांच्या बायकाही नकोत. गटात अनुभव विचारायचे नाहीत, फक्त मतं. एका तासाचं रेकॉर्डिंग ऐकून शब्दशः लिहून काढायला पाच-सहा तास लागतात, बोली अनोळखी असेल तर जास्त.

आणि बोलीकडे दुर्लक्ष झालं की अर्थ हातातून जातो. मालवणीत एखादी मुलगी म्हणते, 'माका कोण इचारता?' याचं इंग्रजीत शब्दशः भाषांतर केलं तर नुसता प्रश्न उरतो. खरं तर ती सांगतेय की घरात तिच्या मताला किंमत नाही. अतिरेकी गटांत ओढू पाहणारे नेमकं इथेच बोट ठेवतात : 'इथे तुझं ऐकलं जाईल.' म्हणून तीन रकाने ठेवावेत : मूळ बोली, प्रमाण मराठी, मग अहवालाची भाषा. उत्तरांची विषयवार वर्गवारी (कोडिंग) पहिल्या रकान्यावरून करावी. संगमेश्वरीला, कोकणी मुसलमानांच्या बोलीलाही हाच नियम.

आता नाव झाकण्याविषयी, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं. समजा टिपण असं आहे : 'बेचाळीस वर्षांची, नवरा कुवेतला, थोरला मुलगा बोटीवर, स्वतः शिवणक्लास घेते, भाच्याच्या मोबाइलवर सूडाचे व्हिडिओ असतात म्हणते.' नाव नाही, गाव नाही. तरी तालुक्यात कोणीही दोन मिनिटांत ओळखेल, आणि तिच्यामागून भाचाही सापडेल. म्हणून वय 'चाळीस ते पन्नास'. 'नवरा कुवेतला' ऐवजी 'नवरा परगावी'. मुलाचा उल्लेख पूर्ण गाळायचा, त्याचा मुद्द्याशी संबंध नाही. 'शिवणक्लास' ऐवजी 'घरून काम'. 'भाचा' ऐवजी 'नात्यातला तरुण'. तालुक्याऐवजी 'उत्तर कोकण'. इतकं करूनही एक फट राहते : तिच्या पाच वाक्यांखाली 'ब-०७' असा नावाऐवजी दिलेला एकच संकेत छापला, तर वाचणारा ती वाक्यं जोडून माणूस उभा करतो. छापील अहवालात संकेत नकोतच. आणि अर्थाला धक्का न लावता अवतरण धूसर होत नसेल, तर ते कितीही चांगलं असो, गाळावं.

पोलिसांची भीती एक वेळ बाजूला ठेवा. गावकीची जास्त खरी आहे. वाळीत टाकण्याचे प्रकार रायगड-रत्नागिरीत इतके झाले की राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. 'बाहेरच्यांना घरातलं सांगितलं' हा आरोप त्यासाठी पुरतो.

साधनांबद्दल थोडक्यात. रेकॉर्डिंग स्वतःच्या रोजच्या फोनवर नको, तो आपोआप क्लाउडवर चढवतो. वेगळा रेकॉर्डर, त्याच दिवशी कूटबद्ध फोल्डरमध्ये उतरवणं, मग रेकॉर्डरवरून पुसणं. नावं आणि संकेत जोडणारी यादी वेगळ्या ठिकाणी, दुसऱ्या पासवर्डखाली. मार्गदर्शकांना व्हॉइस नोट पाठवून 'आज काय मिळालं' सांगायची सवय पहिल्या दिवशीच मोडावी. भडकाऊ व्हिडिओ डाउनलोड करून ठेवू नयेत. तारीख, माध्यम, आशय एवढंच टिपावं, आणि तेही संस्थेच्या लेखी परवानगीनेच. असं साहित्य सलग पाहिलं की झोप उडते, चिडचिड वाढते. दिवसाला एक तासाची मर्यादा, रात्री नाही, आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शकांशी फक्त त्याबद्दल बोलणं. बायकांना देण्यासाठी आणि स्वतःसाठीही १८१ (महिला), १०९८ (मुलं), ११२ (आणीबाणी) आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हे मदतीचे नंबर वहीच्या मागे लिहिलेले असावेत. छापील पत्रक मात्र कोणाच्या हातात देऊ नये.

मसुदा तयार झाला की संस्थेकडे जाण्याआधी तो मराठीत, दोन पानांत, बचत गटांच्या बैठकीत वाचून दाखवावा. कोण बोललं होतं हे कळणार नाही अशा रीतीने सगळ्या गटांत, मुलाखत न दिलेल्या गटांतही. नंतर आठ दिवस थांबावं. एखादी बाई बाजूला घेऊन 'ते वाक्य काढ गो बाय' म्हणाली, तर कारण न विचारता काढावं, आणि रेकॉर्डिंग कोणत्या तारखेला पुसणार ते तिला तिथेच सांगावं.