येऊ द्या, येऊ द्या, थांबा

काल संध्याकाळी मंडईतून परत आले तेव्हा डबा, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचे आमचे फिरते घर, अंगणात लागलेला होता. भिंतीपासून बरोबर हातभर अंतर सोडून, पुढचे टेकूचे चाक फरशीच्या तुकड्यावर टेकवून, मोठी चाके सरकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी दगडांच्या उट्या लावून, अगदी सरळ. दसऱ्याला हुकाला बांधलेला झेंडूचा हार वाळून तपकिरी झाला आहे, तोसुद्धा चुरगळलेला नव्हता. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फाटकापाशीच उभी राहिले आणि मनात पहिला प्रश्न आला तो हा, की मागे कोण उभे होते?

मागे कोणीच उभे नव्हते. ह्यांनी कॅमेरा बसवून घेतला आहे. आता गाडीत समोरच तळहाताएवढा पडदा आहे, त्यावर डब्याच्या मागची जमीन दिसते, जमिनीवर हिरवी, पिवळी आणि लाल अशा रेषा दिसतात, आणि भिंत जवळ येऊ लागली की टीं-टीं असा आवाज घाईघाईने सुरू होतो. "एका फेरीत लागला," असे हे चहा पिताना म्हणाले. फुशारकीने म्हणाले नाहीत, सहज म्हणाले, आणि तेच मला जास्त लागले. एका फेरीत. माझ्या आठ वर्षांच्या नोकरीत डबा एका फेरीत कधी लागला असेल, तर तो मोकळ्या मैदानात.

एकसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेने एका कॅमेऱ्याचा हेवा करावा, हे लिहितानाही हसू येते. पण हसू येऊन गेल्यावरही ते टोचायचे थांबत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

डबा मागे घेणे ही काय चीज आहे, हे ज्याने घेतला नाही त्याला सांगून समजत नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवले की डब्याचे शेपूट उजवीकडे जाते, आणि ते जरा जास्त गेले की गाडी आणि डबा अडकित्त्यासारखे मिटायला लागतात. मग पुन्हा पुढे जाऊन सरळ करण्यावाचून इलाज नसतो. २०१७ मध्ये डबा घरी आणला तेव्हा पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या ह्या माणसाने कागदावर कोन काढून ते मला समजावून सांगितले होते, आणि तरीही पहिला महिनाभर आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी तमाशा होत असे. शेवटी कारखान्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या घेऊन जाणाऱ्या एका पोराने, वय असेल वीस, खिडकीशी येऊन सांगितले, "काका, हात स्टिअरिंगच्या खालच्या अंगाला धरा, अन् डबा जिकडं न्यायचा तिकडं हात न्या. बाकी काही इचारच करू नका." तेव्हापासून गाडी मागे जायला लागली. कोन काढलेला कागद कुठे गेला कोण जाणे.

माझे काम मागे उभे राहण्याचे. त्यात उभे कुठे राहायचे हेच मुख्य आहे, कारण मला आरशात ह्यांचा चेहरा दिसत नसेल तर त्यांनाही मी दिसत नाही, मग मी कितीही हात हलवले तरी ते वाऱ्यावर. डावे-उजवे आम्ही पहिल्याच प्रवासात टाकून दिले, कारण माझे डावे ते त्यांचे उजवे, की आरशात पुन्हा माझे डावे, यावर कन्याकुमारीच्या वाटेवर एका पेट्रोल पंपाच्या आवारात आमचे असे भांडण झाले, की पंपावरची मुले नळ्या हातात धरून बघत उभी राहिली. त्यानंतर दिशा वस्तूंवरून सांगायच्या असे ठरले. विहिरीकडे घ्या. टपरीकडे घ्या. लिंबाकडे, अजून लिंबाकडे, येऊ द्या, येऊ द्या, थांबा. ही पद्धत उत्तम आहे, फक्त वस्तू जागेवर राहणारी हवी. तिरुनेलवेलीच्या अलीकडे मी "शेळीकडे घ्या" म्हणाले आणि शेळी उठून चालू लागली. डब्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर जो पोचा आहे तो त्या शेळीचा. दुसरा चित्रदुर्गाचा आहे, तिसरा कोट्याचा. तिन्ही माझ्या देखरेखीखाली पडलेले आहेत, हे मी आज प्रथमच लेखी कबूल करत आहे.

आणि तरीही.

काल रात्री झोप लागेना तेव्हा रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्या भागातून ऊसतोडीची माणसे निघतात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी खाली कर्नाटकात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. ट्रॉलीत भांडी, सरपण, ज्वारीची पोती, शेळ्या आणि पोरे. शाळेत असताना ह्याच दिवसांत माझे बाक रिकामे व्हायचे; हंगामी वसतिगृह चालू झाल्यावर काही पोरे थांबायला लागली, काही नाहीच थांबली. ते एक असो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही राजस्थानला निघालो होतो. बीडवरून जाणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग वर पंजाबात संगरूरला सुरू होतो आणि खाली कर्नाटकात अंकोल्याजवळ संपतो, हे मुलांना भूगोल शिकवूनही मला डबा आल्यावरच कळले. मांजरसुंब्याच्या अलीकडे चहाला थांबलो तर शेजारी असाच एक ट्रॅक्टर थांबलेला होता. त्याच्या ट्रॉलीची पिन बदलायचे काम चालले होते. नवरा ट्रॅक्टर मागे घेत होता आणि बायको ट्रॉलीपाशी उभी होती. तिने नुसती ट्रॉलीच्या पत्र्यावर थाप मारली आणि तो थांबला. आरसा नाही, हातवारे नाहीत, एक थाप. पिन पडली, तिने चाकाखालची उटी काढली, हात पदराला पुसले आणि आमच्या डब्याकडे वळून पाहिले. पडदे लावलेली खिडकी, छतावरचे सौर तावदान, दाराशी टांगलेला माझा टॉवेल. मग मला म्हणाली, "बाई, तुमीबी बिऱ्हाड घेऊन निघालात का?"

मी "हो" म्हणाले. 'फिरायला' हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. पुढे कन्नडचा घाट उतरेपर्यंत मी गप्प होते आणि ह्यांना वाटले की मला घाटाची भीती वाटत आहे.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. रात्री ट्रॅक्टरांचे आवाज ऐकता ऐकता तो शब्द मनात आला आणि जाईचना. त्या बाईच्या कष्टाशी माझी बरोबरी नाही, हे मला पक्के माहीत आहे. पोटासाठी निघालेले बिऱ्हाड आणि पेन्शनवर निघालेले बिऱ्हाड यांत फार मोठे अंतर आहे, आणि ती उपमा घेताना मला लाजही वाटते. पण शब्द कुठला लागू पडेल, हे आपल्या हातात नसते. हे मंडईची वेळ साधून एकट्याने डबा लावतात, तोही एका फेरीत, म्हणजे इतकी वर्षे अर्धा कोयता कोण होते?

खरे कारण मला ठाऊक आहे, उगाच न कळल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. गेल्या जानेवारीत कर्नूलच्या पुढे एका ढाब्याच्या मागे अंधारात डबा लावताना मी मागे सरकत गेले आणि उघड्या नालीत पडले. गुडघ्याला जे लागले ते लागले. ह्यांना काही ऐकूच गेले नाही. आरशात मी होते आणि पुढच्या क्षणी नव्हते, एवढेच. गाडी त्यांनी तिथल्या तिथे थांबवली, पण उतरून मागे येईपर्यंत डबा नालीपासून किती अंतरावर थांबला आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. घरी आल्यावर धाकट्याला फोनवर सांगताना मी ऐकले, "तुझी आई आरशातून नाहीशी झाली." पुढे काही बोलले नाहीत. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, मीही काढला नाही, आणि धाकट्याने त्या दिवशी डबा विकण्याबद्दल जे सांगितले ते मी इथे लिहिणार नाही.

म्हणजे कॅमेरा माझ्यासाठीच बसवला आहे. हे कळते, आणि कळूनही काल जेवताना मी मुद्दाम आमटीत मीठ कमी ठेवले. काळजी म्हणून का होईना, पण आपल्याला न विचारता आपल्या जागी एक यंत्र बसवले जावे, आणि त्या यंत्राने ते काम आपल्यापेक्षा चांगले करावे, यात कृतज्ञ कसे व्हायचे ते मला जमत नाही. विचारले असते तर मी नाही म्हणाले असते, हे खरे. म्हणूनच त्यांनी विचारले नाही, हेही खरे. उलट काल काही चुकले असते, भिंतीचा पोपडा निघाला असता, तर आज हे पान लिहिले गेले नसते.

हे आमटी मुकाट्याने जेवले. नंतर ताट उचलताना म्हणाले, "आता तुला उतरायला नको. तू पडदा बघ, मी आरसे बघतो." म्हणजे माझी नोकरी गेलेली नाही, बदली झाली आहे, आणि तीही बसल्या जागी. पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेत काढलेल्या बाईला बदलीचे काय एवढे, असे म्हणत मी उरलेल्या आमटीत मीठ घातले.

शिवाय बाकीचे खाते माझ्याकडेच आहे. डब्यात काय कुठे ठेवायचे ते मीच ठरवते, आणि हे काम दिसते तितके साधे नाही; एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढे हुकावर पडला पाहिजे, नाहीतर डबा गाडीला ओढू लागतो. पहिल्या वर्षी मी पिठाचा डबा, पाण्याचे कॅन आणि लोणच्याच्या बरण्या मागच्या बाजूला भरल्या होत्या, आणि एका उतारावर डबा असा डुलायला लागला, की मागचा ट्रक आपण होऊन लांब राहिला. अशा वेळी घाबरून ब्रेक दाबायचा नसतो. पाय हळूच उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचे आणि डबा शांत होण्याची वाट पाहायची. ह्यांनी तसेच केले. खाली सपाटीवर आल्यावर एकही शब्द न बोलता त्यांनी पिठाचा डबा पुढे आणून ठेवला. रात्रीच्या मुक्कामाच्या जागा शोधणेही माझ्याकडे. बीदरच्या गुरुद्वाऱ्याच्या आवारात जागा मिळेल का, हे मी विचारते, आणि कुणी गाव विचारले तर आम्ही 'नांदेडजवळ' असे सांगतो, कारण अंबाजोगाई म्हटल्यावर पंजाबी ट्रकवाल्यांना काही बोध होत नाही, पण नांदेड म्हटले की "हजूर साहिब!" म्हणून ते हात जोडतात आणि स्वतःची गाडी सरकवून जागा करून देतात. कॅमेऱ्याला हे जमणार नाही. (कॅमेऱ्याशी अजून भांडण चालू आहे, हे वरून दिसतेच.)

आज सकाळी हे म्हणाले, पडदा कसा बघायचा ते शिकून घे. मला गाडीत बसवले, किल्ली अर्धी फिरवली, इंजिन चालू न करता रिव्हर्स गिअर टाकला आणि स्वतः मागे गेले. पडद्यावर आधी नुसती फरशी होती, तुळशीचा कट्टा जरा वाकडा, मग एका कडेने हे आले. बारीक दिसत होते, डोके मोठे आणि पाय आखूड, बनियनवर. आठ वर्षांत ह्यांना मी त्या जागी कधी पाहिलेले नव्हते. ते माझ्या जागी उभे राहिले आणि माझ्यासारखे दोन्ही हात वर करून, "येऊ द्या, येऊ द्या," असे ओरडू लागले, आणि मला हसू आले. नक्कल बरी करतात.

मग ते खाली वाकले. काहीतरी उचलायचे असेल, पण पडद्याच्या खालच्या कडेखाली गेले ते दिसेनासेच झाले. लाल रेषा, फरशी आणि तुळशीचा कट्टा. मी "थांबा!" म्हणून ओरडले, कुणाला ओरडले कोण जाणे.

"काय झालं?" म्हणत ते उटीचा सरकलेला दगड हातात घेऊन खिडकीपाशी आले. मी काही नाही म्हणाले. इंजिन बंदच होते, हँडब्रेक ओढलेला होता, आणि माझा उजवा पाय ब्रेकवर इतका दाबलेला होता की तो उचलायला मला जरा वेळ लागला.