तुम्ही विचारलंत म्हणून: क्रूस, जनुक आणि लस

“‘शरीरातल्या प्रथिनात क्रूस दिसतो’, ‘लस देवाचे जनुक निकामी करते’ असले संदेश फोनवर आले की तुम्ही त्यांच्या मागे का लागता? गोव्यात देवळात जाणारे आणि इगर्जीत जाणारे शेजारी शेजारी राहतात. श्रद्धेचा विषय निघाला की कोणी ना कोणी दुखावतेच.” मी फोंड्यात जीवशास्त्र शिकवते, हे ठाऊक असलेली माणसे मला हे वारंवार विचारतात.

लॅमिनिन या प्रथिनाचे चित्र नाताळच्या सुमारास हमखास येते. ते चित्र खोटे नाही. १९७९ साली वर्णन झालेले हे तीन साखळ्यांचे प्रथिन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा क्रूसासारखे दिसते. शरीरात मात्र ते लवचिक असते आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन पेशींच्या थरांखाली जाळे तयार करतात. त्या आकारात भाविकाला क्रूस दिसला, तर त्याच्या भावनेचा मला आदरच वाटतो. अशा चित्रापाशी मी थांबते, कारण त्यामुळे कोणाचे नुकसान होत नाही.

नुकसान होते ते श्रद्धेची भीती घालून लस नाकारायला लावले जाते तेव्हा. कोविडची लस ‘देवाचे जनुक’ निकामी करते, हा दावा घ्या. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ डीन हेमर यांनी २००४ साली व्हीएमएटी२ या जनुकाचा अध्यात्माशी संबंध जोडून त्याला हे नाव दिले होते. परंतु त्या जनुकाचे काम डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी रसायने चेतापेशींतील सूक्ष्म पिशव्यांत भरणारे प्रथिन घडवण्याचे आहे, आणि ते नसलेली उंदरांची पिल्ले जन्मानंतर काही दिवसांतच मरतात. ते निकामी करणाऱ्या लसीने माणूस नास्तिक झाला नसता, त्याच्या जिवावरच बेतले असते.

मला अधिक काळजी वाटते ती अशा दाव्यांना घाईने दिलेल्या उत्तरांची. लसीतील एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू) आपला डीएनए जिथे असतो त्या पेशीकेंद्रकात जातच नाही, हे विधान खरे आहे. पण आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड त्या प्रकारची नव्हती. तिच्यात चिंपांझीतील एका अडेनोविषाणूचे, स्वतःची वाढ करू न शकणारे रूप वापरले होते. त्याचा डीएनए पेशीकेंद्रकात पोहोचतो, परंतु आपल्या गुणसूत्रांत स्वतःला जोडून घेण्याची यंत्रणा त्याच्याकडे नसते. कोव्हॅक्सिनमध्ये तर निष्क्रिय केलेला विषाणूच होता. परदेशातले उत्तर जसेच्या तसे इकडे पाठवणारा आपण सत्याची बाजू घेतली असे समजतो. पण ऐकणाऱ्याला पुढे खरी माहिती मिळाली, की त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो, आणि तो उडणे रास्तच असते.

म्हणूनच कोविशील्डनंतर अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होत असत, हे कोणी न विचारताही मी सांगते. शेजारची आई बाळाच्या गोवराच्या लसीविषयी विचारायला येते, तेव्हा तिच्याशी बोलणे इथूनच सुरू करता येते.