तुम्ही विचारलंत म्हणून : काय खायचं हे सरकारने शिकवावं का?

मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका होते हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, ‘लोकांनी काय खायचं हे सरकारने कशाला शिकवायचं?’ पुण्यातला भाचा तर दर दिवाळीला विचारतो, तोंडात चकली असताना.

शिकवावं की. पण बोलून शिकवता येत नाही, एवढं मला पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर कळलं. आमच्याकडे तक्ता होता, त्यावर सफरचंद, द्राक्षं, दुधाचा पेला. पाड्यावर नागली, वरई, उडीद आणि पावसाळ्यात रानभाज्या. तक्ता उघडला की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

गरोदरपणी पोटभर खाल्लं तर मूल मोठं होतं, बाळंतपण अडतं, असं सासवा सांगायच्या. माझ्या भाषणाने एकही सासू हलली नाही. टीएचआरचं, म्हणजे घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट दिलं तर घरात गेल्यावर ते सगळ्यांचंच. 2015 मध्ये अमृत आहार योजना आली आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाईला अंगणवाडीतच एक वेळचं गरम जेवण मिळू लागलं. चारचौघी पंगतीला बसून जेवल्या, सुखरूप सुटल्या, तेव्हा कुठे सासवांची बडबड थांबली.

सप्टेंबरातल्या पोषण माहाबद्दल, म्हणजे सरकारच्या आहार-जागृतीच्या महिन्याबद्दल, काय सांगू! डाळ-तांदळाची रांगोळी, फोटो, आणि संध्याकाळी मदतनीस बिचारी तेच धान्य निवडत बसलेली.

त्यापेक्षा दंडघेर पट्टी बरी. बाळाच्या दंडाला गुंडाळायची. घेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली तर पिवळा, म्हणजे मूल कुपोषित; 11.5च्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. अक्षर न येणाऱ्या आईलाही लाल कळतो. म्हणून मी पट्ट्या आयांच्याच हातात द्यायला लागले.

एकीने ती पानाच्या बटव्यात घातली आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली. भट्टीवर पोरांच्या हातात चिप्सची पाच रुपयांची पाकिटं. त्यांच्यासाठी कुणी गृहभेटी देत नाही, तरी ती बरोबर पोचतात. शिमग्याला ती परत आली. म्हणाली, “बाई, पोराचा दंड पिवळ्यावर आला तशी मी तिथल्या अंगणवाडीत घेऊन गेले. यादीत नाव नाही म्हणाले.”

पट्टी लावून पाहिली. लाल.