पिंपाच्या आकाराचे घड्याळ निवडताना
मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते असे पिंपाच्या आकाराचे मनगटी घड्याळ कार्तिए या फ्रेंच कंपनीने १९०६ मध्ये आणले. आज कोल्हापुरात महाद्वार रोडवर घड्याळे पाहताना दोन-तीन हजारांच्या क्वार्ट्झ (बॅटरीवर चालणाऱ्या) घड्याळांतही ती धाटणी दिसते. या किमतीत यंत्रापेक्षा केसची, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाची, पाठ आधी पाहावी, कारण ती मनगटाच्या गोलाईनुसार वळलेली नसेल, तर घड्याळ हातावर डुगडुगते आणि शर्टाच्या कफात अडकते. पट्ट्याचे टोक खास खाचेत बसणारे असल्यास बदली पट्टा सहजासहजी मिळत नाही, हेही दुकानातच विचारून घ्यावे. वीस-तीस हजार मोजणार असाल, तर सहसा ओरखडे न पडणाऱ्या सफायर काचेचाच आग्रह धरावा. याच आकारासाठी ओळखल्या जाणाऱ्या रिचर्ड मिल या स्विस कंपनीची घड्याळे कोटींच्या घरात जातात. त्यांच्या नकला मात्र (कितीही झकास दिसोत) मी घेणार नाही.