घरी व्हिडिओ लावून व्यायाम: आधी पॉज दाबायला शिका

व्हिडिओ लावायच्या आधी तो एकदा खुर्चीत बसून शेवटपर्यंत बघा. घाम न गाळता. वीस मिनिटांच्या व्हिडिओत वॉर्मअपला किमान ३-४ मिनिटं दिली आहेत का? शिकवणारा बाजूनं उभा राहून गुडघा, कंबर कुठे असावी ते दाखवतो का? उडीच्या जागी बिनउडीचा पर्याय देतो का? दर वीस सेकंदांनी उभ्याचं आडवं आणि आडव्याचं उभं करत असेल, तर तो व्हिडिओ नवशिक्यासाठी नाही. वर 'बिगिनर' लिहिलेलं असलं तरी. 'तबाता' हा शब्द दिसला तर सध्या पुढे चला. २० सेकंद जोर आणि १० सेकंद आराम ही पद्धत १९९६ सालच्या जपानी संशोधनातून गाजली. तिथे तंदुरुस्त तरुण पोरं व्यायामाच्या सायकलवर पार दमेपर्यंत पेडल मारत होती. बैठ्या नोकरीच्या गुडघ्यांसाठी ती आखलेलीच नव्हती.

'५०० कॅलरी जाळा' हेही मनावर घेऊ नका. ७० किलो वजनाच्या माणसाच्या मध्यम व्यायामात वीस मिनिटांत साधारण १०० ते १३० कॅलरी जातात. तर्री-पोह्याची एक प्लेट त्या सहज भरून काढते.

एकच मालिका निवडा, चार आठवड्यांची. रोज नवा व्हिडिओ शोधणाऱ्याला कुठलीच हालचाल नीट येत नाही, कारण शरीर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करून शिकतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार व्हिडिओ. पहिल्या आठवड्यात वीसपैकी बाराच मिनिटं करा, मग शेवटच्या स्ट्रेचिंगवर उडी घ्या. दुसऱ्या आठवड्यात सोळा, तिसऱ्यात पूर्ण. मधल्या तीन दिवशी अर्धा तास झपाझप चाला. नागपुरात असाल तर अंबाझरी किंवा फुटाळा तलाव, नाहीतर कॉलनीतलं मैदान. २० मिनिटं गुणिले ३ म्हणजे ६०, आणि ३० गुणिले ३ म्हणजे ९०. बेरीज १५०. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान एवढीच मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, सोबत दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. पडद्यावरच्या माणसाची धाप एडिटिंगमध्ये कापलेली असते, म्हणून तुमचा वेग त्याच्यावरून ठरवू नका. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम वेग. दोन शब्दांतच श्वास तुटला, की पॉज. तीस सेकंद जागच्या जागी पावलं टाका, मग पुढे. हालचाल समजत नसेल तर प्लेबॅकचा वेग ०.७५ वर आणा.

खोलीकडे लोक फार कमी लक्ष देतात. आडवं झाल्यावर डोक्यापलीकडे आणि पायांपलीकडे प्रत्येकी एक फूट उरायला हवा, आणि हात पसरून गोल फिरता यायला हवं. साधारण ६ बाय ८ फूट. हात वर करून छताचा पंखाही तपासा. व्हिट्रिफाइड टाइलवर घाम पडला की घसरगुंडीच, त्यात मोजे घातले तर विचारायलाच नको. बिनउडीचा व्यायाम अनवाणी चालतो. उड्या मारायच्या असतील तर स्वच्छ तळव्याचे बूट घाला. सतरंजीवर करू नका, ती सरकते. मॅट ६ मिमीची पुरते. जाड १५ मिमीच्या मऊ मॅटवर पाठीला बरं वाटतं, पण एका पायावर उभं राहिलं की घोटा डगमगतो. मॅट सरकत असेल तर बहुतेक वेळा दोष धुळीचा असतो. आपल्याकडे खिडक्या लावल्या तरी धूळ येतेच. फरशी आणि मॅटची खालची बाजू ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या.

फोन स्टुलावर ठेवून व्यायाम केला की मान सतत खाली राहते आणि नंतर खांदे भरून येतात. उभ्या व्यायामाला पडदा डोळ्यांच्या उंचीवर हवा. पाठीवर झोपून करताना बघूच नका, आवाजावर करा. कूलरच्या घरघरीत तो ऐकू येत नसेल तर स्पीकर मॅटजवळ ठेवा. समोरच्याचा उजवा म्हणजे आपला डावा, हा गोंधळही सोडून द्या. दोन्ही बाजूंची मोजणी सारखी झाली म्हणजे झालं.

आता हालचाली. स्क्वॉटसाठी मागे खुर्ची ठेवा, सीट जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंच. ढुंगण सीटला टेकेपर्यंत खाली, टेकताच वर. टाचा उचलू नका. गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिले पाहिजेत. दमल्यावर ते आत झुकतात आणि बहुतेकदा दुखणं तिथूनच सुरू होतं. गुडघा झुकायला लागला की दहा व्हायचे बाकी असले तरी थांबा.

पुशअप जमिनीवरून सुरू करण्याचा हट्ट का धरतात, कळत नाही. आधी भिंत. पाय भिंतीपासून दोन-अडीच फूट मागे घ्या. सलग १२ चे तीन सेट नीट झाले की स्वयंपाकघरातला ओटा, मग भिंतीला टेकवलेल्या पलंगाची कड, आणि शेवटी जमीन. प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे लागले तरी लाज नाही. मनगट दुखत असेल तर मूठ करून टेका. प्लँक, म्हणजे कोपरं आणि चवड्यांवर अंग फळीसारखं ताठ धरणं, २० सेकंदांचाच, आणि कंबर खाली लोंबली की गुडघे टेका. लोंबलेल्या कंबरेनं मिनिटभर काढण्यात पराक्रम नाही, फक्त पाठदुखी आहे. बर्पी, म्हणजे खाली बसून दोन्ही पाय मागे फेकायचे आणि परत उठून उडी मारायची, ती पहिले सहा आठवडे नकोच. एकेक पाय मागे नेऊन परत आणा, तेवढं भरपूर. खालच्या मजल्यावरच्या काकूही "काय धपाधप उड्या मारून राहिले बाप्पा" म्हणायच्या थांबतील.

वजनं लगेच विकत घेऊ नका. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. पाठीवरच्या सॅकमध्ये तूरडाळीची दोन किलोची पिशवी टाकली की स्क्वॉट जड झालाच. वजन उचलताना श्वास सोडा. श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो. बीपी, मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण किंवा अलीकडचं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी उपाशीपोटी तर करूच नये.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना आई आठवते. ते २४ ते ७२ तासांत सर्वात जास्त असतं आणि आपोआप जातं. सांध्यात टोचल्यासारखं, एकाच जागी, हालचाल करतानाच दुखत असेल तर ते वेगळं. तो व्यायाम बंद. छातीत दाब किंवा चक्कर आली तर व्हिडिओ तिथेच सोडा आणि डॉक्टरांना गाठा.

नागपूरचा खरा अडथळा मे महिना. पारा ४५ च्या आसपास गेला की सकाळी साडेपाच ते सात एवढीच वेळ खरी. संध्याकाळी सात वाजता बाहेर जरा बरं वाटतं, पण वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर प्यालेली उष्णता तेव्हा घरात सोडत असतो. कूलर लावत असाल तर त्याच्या समोरची खिडकी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. जुलैत याच कारणानं कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा लावा. उन्हाळ्यात मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी शेजारी असू द्या. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वॉर्मअप चारऐवजी आठ मिनिटं. पोटभर जेवणानंतर दोन-तीन तास, केळ्यानंतर अर्धा तास थांबा. रविवारी दुपारी सावजी मटण झालं असेल तर त्या संध्याकाळचं नावच काढू नका.

पोळा, मारबत, गणपती, दिवाळी यात आठवडा हुकणारच. एक आठवडा गेला तर जिथे थांबलात तिथूनच पुढे. दोन किंवा जास्त गेले तर मागच्या आठवड्याचा व्हिडिओ पुन्हा लावा, आणि पहिल्या दिवशी परत बाराच मिनिटं करा.